ऐंशीनंतरही पायांत जोर येतो



माझी आत्या पायरीवरून घसरून पडली, तेव्हा हाड काही मोडलं नाही. पण त्या दिवसापासून घरात सगळ्यांचं एकच पालुपद : "आत्या, तू गुपचूप बस." ती बसली. वर्षभरात तिला उंबरा ओलांडायलाही हात द्यावा लागायला लागला. तिचे पाय पडण्यानं नाही, बसण्यानं गेले, हे मला फार उशिरा कळलं.

म्हातारपणी गेलेली ताकद परत येत नाही, असं पूर्वी शिकलेली माणसंही धरून चालायची. मग १९९० साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधून एक बातमी आली. डॉक्टर मारिया फियातारोने यांनी वृद्धांच्या संस्थेतल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायानं वजन उचलून घेतलं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांडीची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. दोघांची तर काठी सुटली!

पण तिथं यंत्र होतं, शेजारी शिकवणारं माणूस होतं. घरी राहणाऱ्या बाईनं काय करायचं?

ते न्यूझीलंडमध्ये पाहिलं गेलं. ओटागो विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि सोबत्यांनी ८० आणि त्यापुढच्या वयाच्या २३३ बायकांना गाठलं. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टनं पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाऊन व्यायाम शिकवले. बाकीच्यांकडे नुसतं भेटायला, बोलायला माणूस गेलं. वर्षभर कोण किती वेळा पडलं ते मोजलं. भेटीगाठीच्या गटात १५२ वेळा, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हे १९९७ साली छापून आलं.

व्यायाम तरी कसले? आधाराला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीवरून उठायचं, जमलं तर हात न टेकता. घोट्याला थोडं वजन बांधून पाय उचलायचा. आडवं चालायचं, मागं चालायचं. आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालायचं, लहानपणी खेळताना जागा मोजायचो ना आपण, तसं. अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. ज्यांना चक्कर येते, छातीत दुखतं किंवा नुकतंच पडणं झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि धरायला खांब किंवा भिंत हाताशी हवीच.

आत्या आता नाही. सासूबाई मात्र रोज संध्याकाळी पडवीतल्या खांबाला धरून टाचा उचलतात. मी भांडी घासता घासता मोजते. काल दहा झाल्यावर मला म्हणाल्या, "मोजतेस काय नुसती? ये, तूही उचल."