सांधेवाल्याची पेटी

सोलापुराहून आगगाडीनें रायचूरकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत होटगी जंक्शन लागतें. येथें लोहमार्गाला दोन फांटे फुटतात. एक वाडीकडे जातो, दुसरा विजापुराकडे. कोणती गाडी कोणत्या फांट्यावर घालावयाची, हें काम पूर्वीं ज्याच्या हातांत असे, त्याला आपण सांधेवाला म्हणत आलों. रूळ धडधाकट आहेत, एंजिनांत वाफ आहे, उतारू बसले आहेत. पण सांधा अडला तर सारा खटाटोप व्यर्थ! १८६० च्या जूनमध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली, तेव्हांपासून ही गोष्ट या शहराच्या परिचयाची आहे. हाच सांधेवाला पुढें संदेशांच्या व्यवहारांत कसा शिरला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोनची कचेरी उघडली, तेव्हां सांधा बदलण्याचें काम माणसाकडेच होतें. कोणाशीं बोलावयाचें तें ऐकून ऑपरेटर एका तारेची खुंटी दुसऱ्या तारेच्या भोकांत बसवी. अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं अंत्यविधीचा व्यवसाय करणारा ऑल्मन स्ट्रॉजर नांवाचा गृहस्थ होता. आपलीं गिऱ्हाइकें ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात, असा त्याला संशय आला. आणि त्या त्राग्यांतून, माणसावांचून तारा जोडणारें यंत्र त्यानें काढलें. १८९१ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. आपल्या देशांत असें स्वयंचलित केंद्र प्रथम सिमल्यास १९१३-१४ च्या सुमारास बसलें.

सिमल्याची थंडी यंत्रांना मानवते. आपल्याकडील ऊन मानवत नाहीं. पुढें आलेलीं परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजें वातानुकूलित दालनांत ठेवावीं लागत. खेड्यांत तशी सोय कोठून असणार? १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें हा प्रश्न हातीं घेतला. उष्णता व धूळ सोसणारें, वातानुकूलनावांचून चालणारें १२८ जोडण्यांचें ग्रामीण एक्स्चेंज तिनें तयार केलें, आणि १९८६ सालीं तें बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसविलें. यंत्र आपल्याकडे चालवावयाचें तर तें आपल्या उन्हाळ्याच्या बेतानें घडविलें पाहिजे, हा त्यांतील धडा.

टेलिफोननंतर पाळी आली संगणकांची. १९९० सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें ईथरनेट जाळ्याचा पहिला स्विच बाजारांत आणला. त्या कंपनीचें नांव चक्क 'कल्पना' असें होतें, आणि तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते होते. त्यापूर्वीं एकाचा संदेश बहुधा जाळ्यांतील सर्वांच्याच दारावरून जाई. स्विच संदेशावरचा पत्ता वाचतो आणि ज्याचा त्याच्याच दारीं तो पोंचवितो. सांधेवाल्याचेंच हें काम!

आज असा स्विच बिनतारी मनोऱ्याच्या पायथ्याशीं, उघड्यावरच्या लोखंडी पेटींत बसलेला असतो. सोलापुराचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर जातो. बंद पेटींत तर त्याहूनहि अधिक. त्या तापानें स्विचच्या वीजपुरवठ्यांतील कपॅसिटर सुकत जातात, धुळीनें पंखे अडतात. आणि एके दिवशीं मनोरा उभा, ॲन्टेना शाबूत, वीज चालू असूनहि व्यवहार थांबतो. जेथें दुसऱ्या मनोऱ्याच्या लहरी पोंचत नाहींत, तेथें रोग्यासाठीं डॉक्टरांस बोलावणाऱ्याचा आवाजहि त्या पेटींतच अडकतो.

दुरुस्तीस आलेला जाणता कारागीर प्रथम वीजपुरवठा तपासतो. कारण कधीं कधीं स्विच निर्दोष असून दोष पुरवठ्याचा असतो. मग कोणती तार कोणत्या भोकांत आहे हें टिपून, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधून, तो जुना स्विच उतरवितो. नवा बसल्यावर एक मौज दिसते. कोणता पत्ता कोणत्या दाराशीं राहतो, हें नवा स्विच येणाऱ्या संदेशांवरून आपलें आपण शिकतो. परंतु कोणता व्यवहार कोणत्या व्यवहारापासून वेगळा ठेवावयाचा, हे नियम त्याला कोणी तरी शिकवावे लागतात. ते जुन्या स्विचबरोबरच नष्ट झाले असतील, तर नवें यंत्र दिवे लुकलुकवीत बसतें आणि वस्ती मुकीच राहते.

स्ट्रॉजरनें माणसाला मधून काढलें, त्याला एकशें तीसांहून अधिक वर्षें लोटलीं. माणूस सांध्यावरून हलला खरा, पण तो नोंदवहीपाशीं जाऊन बसला. ज्यानें त्या नियमांची प्रत आधींच वेगळी जपून ठेवली, त्याचें काम थोडक्यांत आटोपतें. ज्यानें ठेवली नाहीं, त्याला एकेक नियम पुन्हा जुळवावा लागतो, आणि तोंवर लोक ताटकळतात. म्हणून नवा स्विच खरेदी करणाऱ्यानें पहिला प्रश्न किंमतीचा विचारूं नये. जुन्याची नोंद कोणाजवळ आहे, हें आधीं विचारावें.