कायदा वेशीपर्यंत, काडतूस वेशीपार

कायद्यापुढे सर्व समान, हे वाक्य आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ करतो. तो कायदा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आणि कोणाच्या पाठीवर चालवला गेला, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते. अमेरिकेतील शस्त्रविषयक कायद्यांचा इतिहास या दृष्टीने आपण तपासला पाहिजे. तो आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी जे 'पँथर' हे नाव घेतले, ते कॅलिफोर्नियातील ब्लॅक पँथरांकडून. आणि त्या पँथरांच्या हातातील बंदुकांमुळे तेथे एक कायदा जन्माला आला होता.

आजचा तेथील वाद 'मॅगझिन'चा आहे. मॅगझिन म्हणजे येथे नियतकालिक नव्हे, तर रायफलीला वा पिस्तुलाला बसवायची काडतुसांची पेटी. एक गोळी सुटली की पेटीतील स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते. पेटी दहाची असेल तर दहा गोळ्यांनंतर मारेकऱ्याला थांबून ती बदलावी लागते. तेवढ्या वेळात कोणी पळू शकते, कोणी त्याच्यावर झेप घेऊ शकते. पेटी तीसची किंवा पंचाहत्तरची असेल तर ही उसंतच मिळत नाही. म्हणून पेटीचे माप हा माणसांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

१९६८ च्या केंद्रीय कायद्याने दुसऱ्या राज्यातून पिस्तूल विकत घेण्यावर बंधन घातले. ते आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावे लागते. परंतु सुटी मॅगझिन ही त्या कायद्याच्या व्याख्येत 'बंदूक' नाही. त्यामुळे तिच्या खरेदीसाठी केंद्रीय कायद्याने ना पूर्वचारित्र्याची तपासणी, ना नोंद. १९९४ साली दहापेक्षा जास्त काडतुसांच्या नव्या मॅगझिनवर केंद्राने बंदी घातली. ती दहा वर्षांची होती आणि २००४ मध्ये संपली. पुढे ज्याने त्याने आपापल्या राज्यापुरते पाहावे, असा कारभार सुरू झाला. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी येथे मर्यादा दहाची, कोलोरॅडोत पंधराची, डेलावेअरमध्ये सतराची, आणि पेनसिल्व्हेनिया वा वायोमिंगमध्ये अशी मर्यादाच नाही. कॅलिफोर्नियाने २००० सालापासून बाहेरून मॅगझिन आणण्यावरही बंदी घातली. मेरीलँडच्या २०१३ च्या कायद्याने राज्यात दहापेक्षा मोठी मॅगझिन विकणे गुन्हा ठरवले, पण शेजारच्या राज्यात विकत घेऊन घरी आणणे गुन्हा ठरवले नाही. एकाच राष्ट्राचा नागरिक रस्त्यावरची एक पाटी ओलांडतो आणि त्याच्या गाडीतील त्याच वस्तूमुळे गुन्हेगार ठरतो किंवा ठरत नाही.

ही विसंगती आजची नाही. राज्यांच्या अधिकाराची ही कुंपणे कोणी आणि कशासाठी जपली, हे पाहण्यासाठी १८६५ पर्यंत मागे जावे लागेल. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. आणि त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने 'ब्लॅक कोड' केला. सैन्यात नसलेल्या मुक्त निग्रोने काउंटी मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक, काडतुसे वा मोठा सुरा बाळगला तर दहा डॉलरपर्यंत दंड. आणि जप्त शस्त्र बातमी देणाऱ्याच्या मालकीचे. गोऱ्या शेजाऱ्याला चुगलीबद्दल बक्षीस म्हणून काळ्या माणसाची बंदूक! कायद्यानेच दरोड्याला पावती दिली होती.

लुइझियानातील कोलफॅक्स येथे १८७३ साली गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. अनेकांना शरण आल्यानंतर मारले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, घटनेची दुसरी दुरुस्ती केवळ केंद्र सरकारला बांधते. खासगी माणसांच्या हल्ल्यापासून संरक्षण हवे असेल तर राज्याकडे जा. आणि राज्य कोणाच्या हातात होते? ज्यांच्यापासून संरक्षण हवे होते, त्यांच्याच.

फ्लोरिडाचे उदाहरण तर मॅगझिनच्या प्रश्नाशी थेट भिडते. एकामागून एक गोळी झाडणारी विंचेस्टर रायफल ही नळीखालच्या मॅगझिनमुळेच शक्य झाली. १८९३ साली फ्लोरिडाने अशी रायफल परवान्याशिवाय बाळगण्यास बंदी केली. परवान्यासाठी शंभर डॉलरचा जामीन. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालपत्रातच लिहून ठेवले की, हा कायदा टर्पेंटाइनच्या आणि लाकडाच्या तळांवरील निग्रो मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला होता. गोऱ्यांना तो लावायचा हेतू कधीच नव्हता आणि कधी लावलाही गेला नाही. समान भाषेतला कायदा असमान कसा चालतो, याचा यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब कोठे मिळणार?

१९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवीत. तेव्हा ते कायदेशीर होते. तसे करण्यास बंदी घालणारे विधेयक आले, तेव्हा २ मे १९६७ रोजी ते सशस्त्र सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी मलफर्ड कायद्यावर सही केली आणि सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगणे बंद झाले. बंदूकप्रेमींच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला. शस्त्र बाळगण्याचा पवित्र हक्क काळ्या हातात दिसताच एकाएकी राज्याच्या शांततेला धोका ठरला.

यावरून आपल्यातील एखादा तरुण म्हणेल, मग शस्त्रबंदीचे कायदे मोडीत काढा. मी तसे म्हणत नाही. वर्तमानाची दुसरी बाजू तितकीच भीषण आहे. २०१९ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील गिलरॉय येथे जत्रेत गोळीबार झाला. मारेकऱ्याने रायफल शेजारच्या नेवाडा राज्यात विकत घेतली होती आणि त्याच्यापाशी पंचाहत्तर काडतुसांची मॅगझिन होती. तिघे मेले, त्यांत एक सहा वर्षांचा मुलगा. १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरात एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने कृष्णवर्णीयांची वस्ती निवडून तेथील दुकानात दहा जणांना ठार केले. दहाही जण कृष्णवर्णीय होते. त्याच्या हातातील मोठी मॅगझिन न्यूयॉर्क राज्यात बेकायदा होती. ती बाहेरूनच आलेली असणार, असे गव्हर्नर कॅथी होकल यांनी सांगितले. राज्याचा कायदा राज्याच्या वेशीपाशी थांबला. काडतुसे वेस ओलांडून वस्तीत शिरली.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक कृष्णवर्णीय स्त्री न्यू जर्सीत आली. रस्त्यात पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा तिने स्वतःहून पिस्तूल असल्याचे सांगितले. तिच्यावर खटला भरला गेला आणि काही वर्षांचा सक्तीचा तुरुंगवास समोर उभा राहिला. २०१५ मध्ये गव्हर्नरने तिला माफी दिली. न्यूयॉर्कमधील गरिबांचे सरकारी वकील सर्वोच्च न्यायालयापुढे म्हणाले की, राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १८ टक्के असताना २०२० मध्ये शस्त्र बाळगण्याच्या गंभीर गुन्ह्यांत ते ७८ टक्के होते. वेशीवरचा पहारा कोणाची झडती घेतो, हे या आकड्यांतून कळते.

२०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की, शस्त्रबंदीचा कायदा टिकवायचा असेल तर देशाच्या परंपरेत तसा दाखला दाखवा. परिणाम असा की, मॅगझिनबंदीच्या समर्थनार्थ कॅलिफोर्नियाने दिलेल्या जुन्या कायद्यांच्या यादीत गुलामांना, निग्रोंना आणि इंडियनांना निःशस्त्र करणारे कायदेही आले. बफेलोसारखी हत्याकांडे रोखू पाहणाऱ्या कायद्याला, त्याच लोकांच्या गुलामगिरीचे दाखले शोधावे लागावेत! परंपरेला न्यायाची कसोटी मानले की हेच होते. मनुस्मृतीची परंपरा भोगलेल्या आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती या तिन्हींपासून तोडले, म्हणून येथे सामाजिक क्रांती झाली नाही, असे मांडले होते. तेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना संघराज्यातील कायद्यांच्या विविधतेचा धोका सांगतात आणि मूलभूत कायदे देशभर एकसारखे ठेवण्याचा आग्रह धरतात. आपल्या घटनेत शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या सुट्या भागांनाही शस्त्रच मानले. अमेरिकेत मॅगझिनला सापडलेली पळवाट येथे व्याख्येतच बुजवली आहे.

पण एकच कायदा असला म्हणजे भागले, असेही नाही. १९९७ साली बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना मारले तेव्हा हाच केंद्रीय कायदा लागू होता. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या २६ जणांना २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. वेस भूगोलावर असते तशी ती ठाण्यात, कचेरीत आणि न्यायासनाभोवतीही असते.

म्हणून शस्त्राच्या कोणत्याही कायद्याला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत: मारेकऱ्याची काडतुसे तो कोठे अडवतो, आणि मरणाऱ्याच्या दारी तो केव्हा पोहोचतो? बफेलोत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, लक्ष्मणपूर बाथेत दुसऱ्याचे. ही दोन्ही उत्तरे मागत राहणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.