कासवांचं हरवलेलं वर्ष

सर्व्हरच्या लॉगमधले चार तास गायब झाले तर आम्ही ऑफिस डोक्यावर घेतो. आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञाच्या नोंदींतून हिरव्या समुद्री कासवांचं अख्खं बालपणच गायब होतं!

कारसाहेब फ्लोरिडा विद्यापीठातले. 1950 च्या दशकापासून ते कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवांचा अभ्यास करत होते. अंड्यातून निघालेली पाच सेंटीमीटरची पिल्लं लाटांत शिरायची, ती पुन्हा दिसायची थेट ताटाएवढी झाल्यावर, किनाऱ्याजवळचं समुद्री गवत खाताना. मधल्या काळाला त्यांनी नाव दिलं 'हरवलेलं वर्ष'.

आणि गंमत बघा, पिल्लं जातात कुठे हे ठाऊक नसतानाच 1960 च्या दशकात त्यांनी अमेरिकन नौदलाच्या विमानांतून हजारो पिल्लं कॅरिबियनभर नेऊन सोडली. नव्या किनाऱ्यांवर कासवं वसावीत म्हणून. तसं काही झालं नाही. (टेस्ट न करता रिलीज! आपण करत नाही का?) पण अंडी आणि मांसासाठी तेव्हा जी लूट चालली होती ती बघता हातावर हात ठेवून बसणं मला तरी जमलं नसतं. किनारा राखणं मात्र फळलं. 1975 मध्ये तोर्तुगेरो कायद्याने राष्ट्रीय उद्यान झालं.

पुढे कारनी अंदाज बांधला की पिल्लं सारगॅसम या तरंगत्या शेवाळात राहतात, आणि तीही एक नाही, कित्येक वर्षं. 1987 मध्ये ते गेले. 2021 मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. फ्लोरिडाजवळ सोडलेल्या 21 पिल्लांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवले होते. बरीचशी पिल्लं गल्फ स्ट्रीमचा प्रवाह सोडून सारगॅसो समुद्रात शिरली होती.

हिरवं कासव वयात यायला 25 वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. त्या 21 मधली जी जगली असतील, ती अजून किनाऱ्यावर यायचीच आहेत.