नागाचे विष, अंड्याचा बलक आणि आपली सूज



शेतात चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काटा आपण काढून टाकतो, पण रात्री पाय ठणकू लागतो. सकाळी पाहावे तर जागा लाल, सुजलेली, हाताला गरम लागणारी. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोममधील सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. पण काटा निघाल्यावरही ही आग धुमसत राहते ती कशाने? तिला सरपण मिळते कोठून? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि गंमत अशी की, त्या वाटेवरचा पहिला वाटाड्या निघाला नाग!

१९०२ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे पॉल एर्लिश यांच्या संस्थेत प्रेस्टन काइझ हा तरुण अमेरिकन नागाच्या विषाचा अभ्यास करीत होता. हे विष रक्तातील तांबड्या पेशी फोडते, हे ठाऊक होते. पण काही प्राण्यांच्या पेशी स्वच्छ धुऊन घेतल्या की विषाला दाद देत नसत. त्यांत लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ मिसळला, की मात्र पटापट फुटत. हे लेसिथिन अंड्याच्या बलकात भरपूर असते. पुढे देलेझेन आणि फुर्नो या फ्रेंच संशोधकांनी कोंबडीच्या अंड्याच्या बलकावरच नागाचे विष घालून पाहिले आणि तयार झालेल्या पदार्थाची घडण १९१४ साली उलगडून दाखविली.

काय दिसले त्यांना? लेसिथिनचा कण मनासमोर आणा. त्याला एक डोके आणि दोन लांब पाय. डोक्याला पाणी आवडते, पायांना पाण्याचे वावडे. विषाने त्यातला एक पाय नेमका कापला होता! उरलेला लंगडा कण साबणासारखा वागतो आणि पेशी फोडतो. ही कात्री म्हणजे एक विकर. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक काम झटपट उरकून देणारा पदार्थ. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो ना? ते लाळेतल्या विकराचे काम. आपल्या या कात्रीचे नाव आहे फॉस्फोलायपेज ए-२.

आता तुम्ही म्हणाल, अंड्यातल्या स्निग्धाचा आमच्या पायाशी काय संबंध? त्याचे उत्तर १९२५ साली हॉलंडमधील लायडन गावी मिळाले. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील सगळा स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. तेलाच्या तवंगासारखा तो पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले. म्हणजे पेशीचे पटल या स्निग्ध कणांच्या दोन थरांचे: डोकी बाहेर, पाय आत. खरे तर त्यांच्या हिशेबात दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना खाऊन गेल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला. गुरुजी, परातीत पाणी घेऊन वर तेलाचा थेंब सोडा आणि ही गोष्ट मुलांना सांगून पाहा.

१९३८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे फेल्डबर्ग आणि केलवे यांनी प्राण्यांच्या फुप्फुसांतून नागाचे विष वाहविले. बाहेर आलेल्या द्रवात स्नायूला सावकाश आवळणारा एक अनोळखी पदार्थ सापडला. तो विषातला नव्हता. तो फुप्फुसांनीच तयार केला होता. विष केवळ कात्री चालवीत होते, कापड शरीराचेच होते.

मग कापलेल्या पायाचे पुढे काय होते? पुष्कळदा तो पाय म्हणजे वीस कार्बन अणूंचे अॅराकिडोनिक आम्ल असते. १९६४ साली स्वीडनचे बर्गस्ट्रोम आणि हॉलंडचे व्हान डोर्प यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, शरीर या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनविते. ताप आणि ठणका यांत त्यांचा मोठा हात असतो. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी सिद्ध केले की, अॅस्पिरिन हे पदार्थ बनू देत नाही. ती पहिली कात्री थांबवीत नाही, पुढच्या टप्प्यावरचे विकर बंद पाडते. १९७९ साली सॅम्युएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्यात श्वासनळ्या आवळणाऱ्या सावकाश पदार्थाची घडणही ओळखली. तोही याच आम्लाचा वंशज! बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कात्री आपल्या स्वतःच्या पेशींतही असते. एरवी ती स्वस्थ पडून असते. काटा रुतला, जंतू शिरले, की पेशीत कॅल्शियम वाढते, कात्री पटलाला जाऊन चिकटते आणि कापू लागते. सुट्या कणांवर ती मंद चालते, पटलावर टेकली की धार चढते. पटलाच्या स्पर्शाने तिचा आकार कसा बदलतो आणि स्निग्धाचा कण आत कसा ओढला जातो, हे अमेरिकेत सॅन डिएगो येथे एडवर्ड डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रयोग आणि संगणक यांच्या साहाय्याने दाखविले. म्हणजे पटल नुसते कापड नव्हे, कात्रीला धार लावणारी सहाणही तेच!

यातून घ्यायचे काय? दाहाचे सरपण आपल्या घराच्या भिंतीतच आहे. आणि त्याच सरपणावर रोजची चूलही पेटते. जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षण प्रोस्टाग्लँडिनच करतात. म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने, उपाशीपोटी, दिवसेंदिवस घेणारा माणूस वणवा विझविताना चूलही विझवितो. पोटात व्रण होतात, रक्तस्रावही होतो. अॅस्पिरिनने रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. म्हणून डेंगीचा संशय असेल तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून गोळी आणणाऱ्या आजोबांना एवढे जरूर सांगा.

आणि ज्याने ही वाट दाखविली त्या नागाविषयी. त्याच्या दंशाचा मुख्य धोका विषातल्या दुसऱ्या घटकांमुळे श्वास थांबण्याचा. तेव्हा जखम कापू नका, आवळून बांधू नका, मंत्रतंत्रात वेळ दवडू नका. माणसाला धीर द्या, हालचाल करू देऊ नका आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात तडक न्या. नागाच्या विषाने शास्त्रज्ञांना शहाणे केले. त्या शहाणपणाचा उपयोग आपल्या गावातला एक जीव वाचविण्यासाठी झाला, तर ही सारी कथा सार्थकी लागली म्हणायची.