खुर्च्यांचे गाव आणि लाकडाची धूळ

१/ इंग्लंडमधील हाय विकमच्या फुटबॉल संघाचे टोपणनाव आहे ‘चेअरबॉइज’, म्हणजे खुर्च्या घडवणारी पोरे. भोवतालच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीच वृक्षांची वने होती. त्या लाकडाच्या विंडसर खुर्च्यांनी एकोणिसाव्या शतकात या गावाला नाव आणि भाकरी दोन्ही दिले. त्याच लाकडाच्या धुळीने पुढे काय हिरावून घेतले, त्याचा हा इतिहास.

२/ पूर्वी खुर्चीचे पाय रानातच घडत. ‘बॉजर’ म्हणून ओळखले जाणारे कातारी ओले लाकूड कातत. खाली पडत त्या जाड ढलप्या. पुढे कारखान्यांत वेगवान करवती व घासकामाची यंत्रे आली आणि हवेत बारीक धूळ तरंगू लागली.

३/ १९६० च्या दशकात तेथील कान-नाक-घसा शल्यविशारद एझ्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. नाकाच्या पोकळीत होणारा ॲडिनोकार्सिनोमा हा एरवी अतिदुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार आढळत होता.

४/ ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ आणि साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड ॲचिसन यांच्यासह त्यांनी या रुग्णांचा मागोवा घेतला. १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो अभ्यास प्रसिद्ध केला.

५/ दोषी कोण, धूळ की पॉलिश? उत्तर कामाच्या वाटणीत दडले होते. हा रोग पॉलिश करणाऱ्यांत नव्हे, तर लाकूड कापणाऱ्या-घासणाऱ्यांत एकवटलेला होता. संशयाचे बोट धुळीकडे वळले.

६/ मग हे इतकी वर्षे कुणाला कसे दिसले नाही? कारण धुळीशी पहिला संबंध आणि रोगाचे निदान यांत अनेक दशके जात. तरुणपणी श्वासावाटे घेतलेल्या धुळीची किंमत उतारवयात मोजावी लागे. नाक चोंदणे, रक्त येणे ही लक्षणेही सर्दीपडशावर सहज खपून जात.

७/ १९६९ मध्ये ब्रिटनने फर्निचर कामगारांच्या या कर्करोगाला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली आणि रुग्णांना सरकारी लाभाचा मार्ग खुला झाला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदवली.

८/ बीच आणि ओक ही रुंदपर्णी वृक्षांची, म्हणजे ‘कठीण’ वर्गातली लाकडे. आपला सागही याच वर्गातला. म्हणूनच यंत्राशेजारी धूळ शोषणारी नळी आणि तोंडा-नाकावरचा मुखवटा यांना कुणी चोचले म्हणू नये. हाय विकमच्या कामगारांनी त्यांची किंमत आधीच चुकवली आहे.