घरच्या फायबरची बाईक अन् टर्बो : कुठं जमतं, कुठं जिवावर बेततं?

लवासा (ता. मुळशी) : शनिवार-रविवार आला की पिरंगुट, मुठा, टेमघर मार्गे लवासाच्या घाटात बाईकची रांग लागते. त्यात एखादी गाडी वेगळीच दिसते. मडगार्ड घरी बनवलेलं, सीट कापलेली, सायलेन्सर बदललेला. ती पाहून गावातल्या पोरांच्याही मनात येतं, आपली जुनी गाडी अशीच बांधायची. आता तर मोबाईलवर व्हिडिओ पाहून टर्बो बसवायचीही भाषा सुरू झाली आहे. यातलं काय घरी जमतं, काय जमत नाही आणि कायदा काय सांगतो, याची ही माहिती.

फायबरचे पार्ट कसे बनतात?

ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'फायबर' म्हणतात, ते काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन यांचं मिश्रण असतं. आधी माती, पीओपी किंवा लाकडाचा साचा करतात. थर्माकोलचा साचा केला तर त्यावर पीओपीचा थर द्यावाच लागतो, कारण पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतो.

साच्याला मेण घासून वर पीव्हीएचा हात देतात, म्हणजे पार्ट चिकटत नाही. मग जेलकोट, त्यावर मॅटचे थर. ४५० ग्रॅमची मॅट असेल तर एका थराला साधारण १ मिलिमीटर जाडी येते. मडगार्ड किंवा साइड पॅनलला दोन-तीन थर पुरतात. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढावी लागते. बुडबुडा राहिला की तिथंच तडा जातो.

मुळशीत पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत मॅट ओल धरते, पीव्हीए वाळत नाही आणि पार्टचे थर सुटतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

दोन बाटल्यांची चूक

पॉलिस्टर रेझिन घट्ट व्हायला दोन रसायनं लागतात. एक कोबाल्ट, दुसरं एमईकेपी, ज्याला बाजारात 'कॅटॅलिस्ट' म्हणतात. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावं, त्यानंतरच कॅटॅलिस्ट टाकावं. एक किलो रेझिनला साधारण १० ते २० मिली पुरतं. लवकर वाळावं म्हणून जास्त टाकलं तर मग्ग्यातच रेझिन तापून धूर येतो.

कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसं झालं तर लगेच किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा. काम उघड्या पडवीत करावं. चष्मा आणि हातमोजे घालावेत. घासताना उडणारी काचेची भुकटी छातीत जाते, म्हणून मास्क हवाच.

पेट्रोलची टाकी मात्र नको

मडगार्ड, पॅनल, हेडलाइटचं कव्हर इथपर्यंत घरचं फायबर चालतं. पेट्रोलची टाकी करू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते साध्या पॉलिस्टर रेझिनला मऊ करतं. टाकी फुगते, पाझरते आणि खाली तापलेलं इंजिन असतं. आकार आवडत असेल तर मूळ पत्र्याची टाकी ठेवून वरून फायबरचं कव्हर करता येतं. चॅसी, हँडल, फूटरेस्ट यांनाही हात लावू नये.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

इंजिनात जेवढी जास्त हवा, तेवढं जास्त पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर पंखा फिरवून हवा दाबून इंजिनात ढकलतो. सुपरचार्जर हेच काम इंजिनाच्याच ताकदीवर करतो.

बाईकला हे नवीन नाही. होंडाने १९८२ मध्ये सीएक्स ५०० टर्बो विकायला आणली. पुढे यामाहा, सुझुकी, कावासाकीनेही टर्बो बाईक काढल्या, पण काही वर्षांतच त्या बंद पडल्या. २०१५ मध्ये कावासाकीने ९९८ सीसीची निंजा एच२ सुपरचार्जरसह आणली. तिचं इंजिन मुळापासून त्या दाबासाठीच बनवलेलं आहे.

घरी बसवला तर काय होतं?

भंगारात मिळणारा टर्बो बहुतेक मोटारीच्या हजार-बाराशे सीसी इंजिनाचा असतो. साडेतीनशे सीसीच्या एका सिलिंडरचा वायू त्याला नीट फिरवू शकत नाही. फिरलाच तर तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला सतत दाबाने ऑईल लागतं. ते कमी पडलं की बेअरिंग संपलं.

दुसरी अडचण उष्णतेची. बाहेर ३० अंश असताना हवा दीडपट दाबली की ती ८० अंशांच्या आसपास तापते. इंजिनाची कॉम्प्रेशन कमी केली नाही आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवलं नाही, तर नॉकिंग सुरू होतं. पिस्टनला भोक पडतं किंवा गाडी चालता-चालता जाम होते. घाटाच्या वळणावर मागचं चाक असं अडकलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

ब्रेकचा हिशेब वेगळाच. वेग ६० वरून ८० झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटीपेक्षा जास्त होते. टर्बो बसतो, पण ब्रेक, टायर आणि शॉकअप जुनेच राहतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरला कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड आहे, लायसनही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांचं उदाहरण ताजं आहे. त्यांनी भंगारातून, सुमारे ६० हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. देशभर कौतुक झालं. पण नियमात बसत नसल्याने ती रस्त्यावर चालणार नाही, हे आनंद महिंद्रा यांनीच सांगितलं आणि जानेवारी २०२२ मध्ये जीपच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली.

मग हौस कुठं भागवायची?

इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांसाठी बाहा एसएईइंडिया, फॉर्म्युला भारत अशा स्पर्धा आहेत. तिथं गाडी मुलंच बांधतात. ट्रॅकवर उतरण्याआधी तिची तांत्रिक तपासणी होते. बाकीच्यांनी सुरुवात मडगार्डपासून करावी. मूळ पार्ट जपून ठेवावेत, कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारावं आणि इंजिन कंपनीने दिलंय तसंच राहू द्यावं. फायबरचं काम हातात बसलं तर त्याला मागणीही आहे. पाण्याच्या टाक्यांपासून टेम्पोच्या बॉडीपर्यंत हीच मॅट आणि हेच रेझिन लागतं.