फुटपाथ व कर्ब-उतार दुरुस्ती कार्यक्रम, लॉस एंजेलिस

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने खचलेले फुटपाथ, तुटलेले कर्ब आणि चौकांतील उतार दुरुस्त करण्यासाठी डिसेंबर 2016 मध्ये सुरू केलेला कार्यक्रम. त्याचे अधिकृत नाव ‘सेफ साइडवॉक्स एलए’. कर्ब म्हणजे रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधली, साधारण 15 सेंमी. उंचीची उभी कड. चौकात ही कड कापून फुटपाथ हळूहळू रस्त्याला टेकवला की तयार होतो तो कर्ब-उतार, म्हणजे बोलीतला रॅम्प. शहरातले फुटपाथ वापरता येत नाहीत अशी तक्रार घेऊन दिव्यांग नागरिकांनी 2010 मध्ये महापालिकेवर दावा लावला. ‘विलिट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्यातील तडजोडीला 2016 मध्ये न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली आणि 30 वर्षांत सुमारे 137 कोटी डॉलर खर्च करण्याचे शहरावर बंधन आले. रक्कम मोठी आहे, तरीही पहिल्या पाच वर्षांत फार थोडे काम झाले. फुटपाथची दुरुस्ती खर्च झालेल्या पैशाने मोजली की ती रेंगाळते. सलग चालता येणाऱ्या वाटेने मोजली तरच ती लोकांपर्यंत पोहोचते, हा या कार्यक्रमाच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष आहे.

कर्ब-उतार दिसायला साधा असला तरी त्याचे माप काटेकोर असते. अमेरिकी मानकांनुसार चढ 1:12 पेक्षा तीव्र असू नये; म्हणजे 15 सेंमी. उंच कर्बसाठी उतार निदान 1.8 मी. लांब हवा. आडव्या दिशेचा कल 1:48 पेक्षा जास्त झाला की व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते आणि ती सरळ ठेवण्यातच बसणाऱ्याचा हात भरून येतो. उतार जिथे गटाराच्या पन्हळीला मिळतो, तिथे उभी पायरी चालत नाही. व्हीलचेअरची पुढची दोन चाके लहान असतात. बोटभर उंचीच्या कडेवर ती अडकली की खुर्ची जागीच थांबते, आणि खुर्चीला वेग असेल तर माणूस पुढे फेकला जातो. म्हणून उतार बांधला म्हणजे काम संपत नाही. पन्हळीवर डांबराचा नवा थर चढतो, काँक्रीटचा काठ झिजतो, खालची माती बसते आणि मापात असलेला उतार काही वर्षांत मापाबाहेर जातो. लॉस एंजेलिसमध्ये त्यात झाडांच्या मुळांची भर पडली. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे रस्त्याकडेला फायकसची झाडे मोठ्या संख्येने लावली गेली. त्यांतली एक प्रमुख जात म्हणजे आपल्याकडचा नांद्रुक. वडा-पिंपळाच्या कुळातले हे झाड मुळे जमिनीलगत पसरते. फुटपाथचे काँक्रीट जेमतेम चार इंच जाडीचे असते; मुळे फुगू लागली की त्याच्या लाद्या तंबूसारख्या उचलल्या जातात.

कर्ब कापून उतार करण्याची कल्पना या शहरात जन्मली नाही. मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथे दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी 1945 मध्ये असे उतार करण्यात आले. पुढे 1970 नंतर कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या चळवळीने ते शहराच्या नियोजनात आणले. 1973 च्या पुनर्वसन कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या कामांत भेदभावाला बंदी केली आणि 1990 च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज’ कायद्याने हे बंधन सर्व स्थानिक संस्थांवर घातले. कायद्याचा नेमका अर्थ न्यायालयांनी ठरवला. फिलाडेल्फियासंबंधीच्या 1993 च्या निकालाने रस्त्याचे नवे डांबरीकरण हा रस्त्यातील ‘बदल’ मानला, त्यामुळे डांबर टाकताना चौकातले उतारही करणे भाग पडले. सॅक्रामेंटोविषयीच्या 2002 च्या निकालाने फुटपाथ ही महापालिका पुरवत असलेली सेवा आहे, असे सांगितले. या दुसऱ्या निकालाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. सेवा म्हटली की ती खंडित होऊन चालत नाही. नळाला महिन्यातून एकदा पाणी सोडून पाणीपुरवठा केला असे कोणी म्हणत नाही.

लॉस एंजेलिसची अडचण जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या 1911 च्या कायद्याने घरासमोरच्या फुटपाथची दुरुस्ती घरमालकाकडे दिली होती. 1970 नंतरच्या दशकात संघराज्याचा निधी मिळाला तेव्हा झाडांमुळे झालेल्या मोडतोडीची जबाबदारी शहराने स्वतःकडे घेतली. तो निधी आटला, जबाबदारी राहिली आणि सुमारे 9,000 मैल, म्हणजे साधारण 14,500 किमी. लांबीच्या फुटपाथांवर काम तुंबत गेले. तडजोडीनंतर शहराने ‘एकदा दुरुस्त करा आणि सोपवा’ हे धोरण स्वीकारले: महापालिकेने एकदा फुटपाथ नीट करायचा, निवासी जागेसमोर 20 वर्षांची आणि व्यापारी जागेसमोर पाच वर्षांची हमी द्यायची आणि पुढची जबाबदारी मालकाकडे परत द्यायची. दिव्यांग नागरिकांच्या मागणीवरून करायच्या कामांसाठी वेगळी सोय ठेवली गेली. शहराचे तत्कालीन लेखानियंत्रक रॉन गॅल्परिन यांनी 2021 मध्ये या साऱ्याचा हिशेब मांडला. पाच वर्षांत शहरातील एक टक्क्याहूनही कमी मिळकतींसमोरचे फुटपाथ पूर्ण दुरुस्त होऊन प्रमाणित झाले होते, तर पडून जखमी झालेल्यांच्या दाव्यांपोटी शहराने तेवढ्याच काळात साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती.

याचा दोष केवळ कामचुकारपणाला देता येणार नाही; मोजण्याची पद्धतच चुकली. तडजोडीचे मुख्य बंधन वार्षिक खर्चाचे आहे. ठरलेली रक्कम खर्ची पडली की बंधन पाळले गेले, मग त्यातून किती चौक खुले झाले हा प्रश्न मागे पडतो. शिवाय एकेका मिळकतीसमोरचा फुटपाथ संपूर्ण मानकात बसवण्यावर भर राहिला, त्यामुळे एका ठिकाणी पुष्कळ पैसा मुरला आणि शेजारचा उंचवटा तसाच राहिला. वाटेचे गणित साखळीसारखे असते. घरापासून बसथांब्यापर्यंत दहा उतार असतील आणि त्यांतले नऊ उत्तम असतील, तरी दहाव्याशी व्हीलचेअर अडली की नऊंचा उपयोग नाही. तिला परत फिरावे लागते किंवा गाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागते. सिॲटलने 2017 मध्ये स्वीकारलेल्या तडजोडीत वर्षाला 1,250 उतार 18 वर्षे, तर पोर्टलंडने 2018 मध्ये वर्षाला 1,500 उतार 12 वर्षे असे बंधन घातले. इथे मोजमाप डॉलरचे नसून उताराचे आहे. वर्ष संपल्यावर किती चौक झाले आणि किती राहिले, हे कोणालाही बोट दाखवून सांगता येते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा: थोड्या लोकांसाठी एवढा पैसा का? उताराचा उपयोग थोड्यांनाच होतो हे गृहीतच चुकीचे आहे. बाबागाडी ढकलणारी आई, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी, मालाची ढकलगाडी नेणारा कामगार, गुडघे दुखणारे आजोबा हे सगळे त्याच उतारावरून जातात. दुरुस्ती न करण्याचाही खर्च असतोच, तो भरपाईच्या रूपाने द्यावा लागतो आणि त्यातून एक लादीही सरळ होत नाही. दुसरा आक्षेप असा, की फुटपाथ घरमालकानेच राखावा. तसे केल्यास सधन वस्तीत वाट सरळ आणि गरीब वस्तीत खड्ड्यांची होईल, आणि चालणाऱ्याला तर दोन्ही वस्त्या ओलांडायच्या असतात. तिसरा आक्षेप झाडांचा, आणि तो गंभीर आहे. उन्हात तापणाऱ्या शहरात सावलीही चालणाऱ्याचीच गरज आहे. पण झाड तोडणे हा एकच उपाय नव्हे. फुटपाथ झाडाला वळसा घालून नेता येतो, आळे मोठे करता येते, थोडी उचललेली लादी घासून सपाट करता येते. घासणे हा कायमचा इलाज नसला तरी आज अडलेली वाट तो आज मोकळी करतो. चौथा आक्षेप सर्वांत विचार करायला लावणारा आहे: कर्बची उभी कड गेली, तर पांढऱ्या काठीने चालणाऱ्या अंध व्यक्तीला फुटपाथ संपल्याचे कळणार कसे? त्याचे उत्तर जपानमधून आले. सेइची मियाके यांनी घडवलेल्या उठावाच्या लाद्या 1967 मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवल्या गेल्या. अमेरिकी उतारांच्या तळाशी आज तशाच गोल उठावांचा साधारण 60 सेंमी. रुंद पट्टा असतो, तो बुटाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला जाणवतो. हे उठाव झिजले किंवा निखळले, तर डोळस माणसाला उतार शाबूत दिसतो, पण अंध व्यक्तीसाठी तो धोक्याचा झालेला असतो. म्हणूनच उतारांची पाहणी तक्रारीची वाट न बघता ठरल्या मुदतीने व्हायला हवी. तक्रार करायलाही आधी तिथवर पोहोचावे लागते, आणि जो घराबाहेरच पडू शकत नाही त्याचा खड्डा कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

लॉस एंजेलिसचा कार्यक्रम त्यामुळे दुहेरी महत्त्वाचा ठरतो. फुटपाथ ही मेहेरबानी नसून सेवा आहे, हे त्याने अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराकडून पैशानिशी मान्य करून घेतले. नुसत्या रकमेने वाट तयार होत नाही, हेही त्यानेच दाखवले. सर्व फुटपाथांची एकदा संपूर्ण पाहणी, दवाखाने, बसमार्ग आणि सरकारी कचेऱ्या यांना जोडणाऱ्या वाटांना अग्रक्रम, आणि दरवर्षी खुल्या झालेल्या चौकांचा जाहीर आकडा, या तीन गोष्टींवाचून असा कोणताही कार्यक्रम पुरा म्हणता येणार नाही. तडजोडीची मुदत 30 वर्षांची आहे; 2016 मध्ये चाळिशीत असलेली व्यक्ती ती संपेल तेव्हा सत्तरीत असेल.